डावं मडगार्ड

मुकुंदनं पकडीच्या टोकात तो झुपका धरला आणि ओढला, पण तो सुटेना. अँबेसेडरच्या पुढच्या जाळीच्या पट्ट्या आत दबल्या होत्या आणि त्यांच्या फटीत केस घट्ट आवळले गेले होते. त्यानं एक पट्टी जरा वाकवली, पुन्हा ओढलं. या वेळी झुपका बाहेर आला. केस हातभर लांब होते. मुळाशी पांढरे, पुढं मेंदीनं लाल झालेले. मुळाच्या टोकाला वाळून काळी पडलेली कातडी होती.

 

मागं अकरावीची पोरं गाडीभोवती रेटारेटी करत उभी होती.

"सर, काय सापडलं?"

"सुतळी," मुकुंद म्हणाला आणि त्यानं मूठ मिटली.

तो शेडच्या मागं गेला. तिथं जळक्या ऑइलचं पिंप होतं. त्यानं मूठ उघडली, पण दोन-तीन केस तळव्याला चिकटून राहिले. पँटला हात घासून त्यानं ते काढले. पिंपात पडलेला झुपका लगेच बुडाला नाही, काळ्या तेलावर पसरून राहिला. मुकुंदनं सळईनं तो खाली दाबला. मग रॉकेलनं हात धुतले, साबणानं धुतले, मातीनं घासले. नाकाजवळ नेल्यावर हाताला रॉकेलचा वास येत होता आणि रॉकेलच्या खाली अजून कशाचातरी.

गाडी सकाळी शाळा भरायच्या आधी आली होती, ताडपत्री झाकून. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांची ती गाडी सगळ्या पंचक्रोशीला ओळखीची. ड्रायव्हर फकिरानं ती वर्कशॉपच्या शेडमध्ये घातली, ताडपत्री ओढली आणि मुकुंदच्या स्कूटरकडं बघत सांगितलं,

"रोही आडवा आला साहेब, काल दिवस मावळताना. पाचोडच्या अलीकडं. एकदम शेतातून उडी मारली बघा."

"तुम्ही चालवत होता?"

"नाय. धाकले मालक व्हते." फकिरानं ताडपत्रीची घडी घातली. "तात्यासाहेब म्हनले, बाहेर गॅरेजला कशाला द्यायची? आपलीच पोरं शिकत्यात. त्यान्ला बी सराव व्हईल."

रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे, केस बोटाच्या पेराएवढे असतात, करडे. मुकुंद पुस्तकं वाचून शिकलेला, पोथ्या आणि दप्तरं सांभाळणाऱ्यांच्या घरातला; पण एवढं त्यालाही ठाऊक होतं.

पोरांना मात्र सण झाला होता. मोटार दुरुस्तीचा कोर्स सुरू होऊन दोन वर्षं होत आली तरी वर्कशॉपमध्ये एकच इंजिन होतं, मधोमध कापलेलं, लाल-निळ्या-पिवळ्या रंगांनी रंगवलेलं. पोरांना पिस्टनपासून क्रँकशाफ्टपर्यंत सगळी नावं पाठ होती. पण चालत आलेली खरी गाडी त्यांच्या हाताखाली कधी आली नव्हती. कुणी बोनेट उघडून आत वाकला, कुणी स्टिअरिंगवर बसून तोंडानं हॉर्न वाजवला. काय काय करायचं ते मुकुंदनं सांगितलं: जाळी सरळ करायची, डावा हेडलाइट बदलायचा, बंपर काढून ठोकायचा. सगळ्यात मोठं काम डाव्या मडगार्डचं होतं. परातीएवढा खड्डा पडला होता त्याला.

"डावं मडगार्ड म्या करतो," कडूबा म्हणाला.

कडूबा संस्थेच्या वसतिगृहात राहणारा, पाचोडकडच्या एका वस्तीवरचा. तो कमी बोलायचा. वर्गात त्याचा हात सगळ्यांत हलका, त्यामुळं कुणी कुरकुर केली नाही. मुकुंदनं त्याला दाखवलं: आतल्या बाजूनं लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी मारायची, जोरात नाही, सारखी. पत्रा कुठं ताणलाय ते आवाजावरून कळतं. कडूबानं मान डोलावली आणि चाकाच्या कमानीत शिरून तो उताणा निजला. दिवसभर शेडमधून हातोडीचा एकसुरी आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यासाहेब स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात तंबाखू. शेडच्या दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी ते थुंकले, तोंड पुसलं आणि मग आत आले. बरोबरच्या माणसाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"हात पुढं करा रे," ते पोरांना म्हणाले आणि एकेकाच्या हातावर स्वतः पेढा ठेवत गेले. पोरांचे हात ग्रीसनं काळे होते. पेढे काळे झाले. पोरांनी ते तसेच तोंडात टाकले.

"रोही लई माजलेत मास्तर," तात्यासाहेब म्हणाले. "सरकार मारू देत नाही. माणसानं करायचं काय?"

 तात्यासाहेबांनी मडगार्डवरून हात फिरवला. खड्डा बराचसा वर आला होता. त्यांनी वाकून कडूबाच्या डोक्यावर थापटलं.

"ह्याच्याकडं लक्ष असू द्या. गुणी पोरगं आहे. शिकलं पाहिजे." मग आवाज खाली आणून, मुकुंदच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमच्या मान्यतेचं माझ्या डोक्यात आहे. कायम करून टाकू यंदा. घरचेच आहात तुम्ही."

त्यांच्या तोंडाला तंबाखूचा आणि लवंगेचा वास होता. ते गेल्यावर मुकुंदनं पाहिलं तर त्याच्या मुठीत पेढा चेपून बोटांच्या फटींतून बाहेर आला होता. तो त्यानं चिंध्यांच्या ढिगात पुसून टाकला. तासाभरात चिंध्यांना मुंग्या लागल्या.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्याला भातात हात घालवेना. समोर बायको, कालिंदी. ती घाटीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली.

"काय झालं? कालपासून बघतेय, घास उचलता आणि परत ठेवता."

त्यानं सांगितलं. बोलताना तो ताटाकडं बघत होता. मेंदी लावलेले केस म्हटल्यावर कालिंदीचा वाढता हात थांबला.

"आमच्या वॉर्डात आहे ती," ती म्हणाली.

"कोण?"

"म्हातारी. परवा आणली. पाचोडकडचीच. डाव्या कानाच्या वरची कातडी सोलून निघालीय, मांडीचं हाड मोडलंय. जखम धुताना मीच होते. उरलेल्या केसांना मेंदी आहे. द्वारकाबाई नाव." तिनं भाताचं पातेलं बाजूला सरकवलं. "मुलगा म्हणतो, ट्रकनं उडवलं. ट्रक पळून गेला. तसाच जबाब दिलाय त्यानं पोलिसांत."

"उद्या येतो मी तिकडं."

"येऊन काय करणार?"

 मुकुंदनं ताट तसंच ठेवून हात धुतले, आणि धुतच राहिला. कालिंदीनं शेवटी नळ बंद केला.

सकाळी तो वॉर्डात गेला तेव्हा द्वारकाबाई झोपेत होती. डोक्याला पांढरी पट्टी, पायाला वजन बांधलेलं. ताणून धरलेल्या पायाचा तळवा उघडा होता, भेगाळलेला, त्याच्यावर अजून रस्त्याची धूळ. कॉटच्या पायथ्याशी बसलेला माणूस त्याला बघून लगबगीनं उठला.

"सर! तुमी इकडं?"

मुकुंदनं त्याला ओळखलं नाही.

"म्या बद्रीनाथ. कडूबाचा बाप. अॅडमिशनला आलतो की."

मुकुंदनं कॉटची लोखंडी कड धरली.

"ही कडूबाची आजी?"

"व्हय. मपली माय."

"कशानं झालं हे?"

"ट्रकनं." बद्रीनाथनं खिडकीकडं पाहिलं. "बाजारातून परत यायली व्हती. मागून धडकला. तिनं बी बघितला नाय."

"रंग कोणता होता ट्रकचा?"

बद्रीनाथनं उपरण्यानं मान पुसली. बराच वेळ पुसली.

"तात्यासाहेबांनी लई केलं सर," तो हळू आवाजात म्हणाला. "सोता डाक्टरला सांगितलं. औषधं, फळं, कशाला कमी नाय. आपन गरिबानं आनखी काय करावं? गावात ऱ्हायचं हाय. पोरगं त्यांच्याच बोर्डिंगात हाय."

"कडूबाला माहीत आहे?"

"आजीला लागलंय ते सांगितलं. गावाकडचा एक जन इकडं आलता, त्याच्या हाती निरोप धाडला."  मग तो मुकुंदच्या पायांशी वाकल्यासारखं करत म्हणाला, "बाकीचं तुमी काढू नका सर."

मुकुंद पायऱ्या उतरला. त्याला बद्रीनाथची घाण वाटत होती. त्या उपरण्याची, त्या वाकण्याची. स्कूटरला किक मारताना मनात आलं, आपणही काल खांद्यावरचा तो हात झटकला नव्हता. पण ते त्यानं मनात टिकू दिलं नाही. पोराला आधी सांगायचं, मग पुढचं बघायचं, एवढंच त्यानं ठरवलं. पोरगं ज्या पत्र्याला रोज हात लावतंय तो कसला आहे, हे त्याला कळलंच पाहिजे.

मधल्या सुट्टीमुळं शेड रिकामी होती. कडूबा एकटा मडगार्डपाशी उकिडवा बसून पुट्टी घासत होता. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर गोल गोल फिरत होता आणि पुट्टीचं दुधासारखं पाणी त्याच्या बोटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं. खड्डा कुठं होता ते आता बघून कळत नव्हतं. वर्षभरात मुकुंदनं इतकं चांगलं काम कुणाकडून पाहिलं नव्हतं.

"थांब जरा, कडूबा."

"थोडंच ऱ्हायलंय सर."

"थांब म्हणतोय ना. मला तुला सांगायचंय. ही गाडी—"

"माहिती हाय सर."

पॉलिश पेपर थांबला नव्हता.

"काय माहिती आहे?"

"तुमी पकडीनं काढलं ते म्या बघितलं. सणाला आजीला मेंदी मीच लावून देतो." त्यानं पत्र्यावर पाणी शिंपडलं. "तुमी सुतळी म्हनले."

मुकुंदला बसायला काही सापडेना. तो टायरवर टेकला.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"त्या दिवशी नुसता वहीम व्हता. सांजच्याला निरोप आला, तवा कळलं. मंग दवाखान्याच्या खालीच बापाला भेटलो. बाप म्हनला, गप ऱ्हाय. तात्यासाहेबांनी शब्द दिलाय, बारावी झाली की साखर कारखान्याच्या वर्कशॉपात चिकटवतो."

"आणि हे मडगार्ड? ते तर तू आधीच मागून घेतलंस. नंतर कळल्यावरही सोडलं नाहीस?"

मुकुंदचा आवाज चढला होता. त्या ओघळणाऱ्या पांढऱ्या पाण्याची त्याला शिसारी आली होती, त्या हातांची, त्या हातांतल्या सफाईची. आपणच शिकवलेली सफाई.

कडूबानं पहिल्यांदा मान वर केली.

"दुसऱ्या कुनी केलं असतं, तर हसत हसत ठोकलं असतं सर," तो म्हणाला.

बाहेर पोरं विटी-दांडू खेळत होती. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. 

"आजीला भेटलास का?"

"नाय."

"एकदाही नाही? का?"

कडूबानं दोन्ही हात समोर धरून पाहिले.

"थिनरचा वास जात नाय. ती इचारील, काय करायलास म्हनून."

मुकुंद उठला. त्यानं रॉकेलचा डबा आणला, साबण आणला, आणि पोराच्या हातांवर स्वतः पाणी ओतलं. कडूबा नखं घासत राहिला. वास गेला नाही. दोघंही तसेच स्कूटरवर बसले.

वॉर्डात भेटायची वेळ होती. कॉटाकॉटांपाशी माणसं बसली होती, डबे उघडले होते, आणि फिनेलच्या वासात कालवणांचा वास मिसळला होता. द्वारकाबाई जागी होती. बद्रीनाथ तिला सफरचंदाच्या फोडी करून देत होता. तिनं नातवाला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"आला का मपला राजा? किती वाट बघावी?"

बद्रीनाथनं आधी पोराकडं, मग मुकुंदकडं पाहिलं. त्याच्या हातातली सुरी थांबली. कडूबा कॉटच्या कडेला टेकला. म्हातारीनं त्याचे हात ओढून घेतले, नाकाशी नेले आणि तिचा चेहरा उजळला.

"बघ गं सरूबाई," ती शेजारच्या कॉटवरच्या बाईला म्हणाली. "मपला नातू. मोटारी नीट करतो. शाळेतच शिकवत्यात. हाताला वास बघ कसा मोटारीचा!" मग नातवाकडं वळून, फोड चावत चावत, "आन हे कोन?"

"मपले सर."

"मास्तर व्हय? बसा की. बद्री, मास्तरला जागा दे." तिनं कडूबाचे हात सोडले नव्हते. "कुनाची मोटार नीट करायलास रं आता?"

कडूबा सफरचंदाच्या फोडींकडं बघू लागला.

"इचारते ना, कुनाची?"

"माय, त्याला जाऊ दे," बद्रीनाथ म्हणाला. "शाळा हाय त्याची. सर, न्या त्याला."

कडूबानं मुकुंदकडं पाहिलं. मुकुंदला कळलं, आपण आता एखादा शब्द टाकला तर पोरगं तो उचलील आणि सगळं जिथल्या तिथं राहील. कुणाचीही गाडी असू शकते. त्यानं तोंड उघडलं नाही. पोरावरची नजरही काढली नाही.

"तुला उडवली ती, आजे," कडूबा म्हणाला.

म्हातारीला आधी समजलं नसावं. ती तशीच हसत राहिली.

"मला तर ट्रकनं उडवलं."

"ट्रक नव्हता. पांढरी गाडी व्हती. तात्यासाहेबांची. त्यांचं धाकलं पोरगं चालवत व्हतं." त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. "तिचं मडगार्ड म्या नीट केलं. आता काय सुदिक दिसत नाय त्याच्यावर."

शेजारची सरूबाई उठून बसली. पलीकडच्या कॉटवरचं बोलणं थांबलं. द्वारकाबाईचा जबडा चावता चावता थांबला होता. तिनं मुलाकडं पाहिलं. बद्रीनाथ सुरीच्या पात्यावरचं पाणी अंगठ्यानं निपटत होता.

"बद्री. ही फळं कुनी धाडली?"

बद्रीनाथनं फळांची पिशवी पायानं कॉटखाली सरकवली.

म्हातारीनं एक हात नातवाच्या हातातून सोडवला, तोंडापुढं धरला आणि तोंडातला चावलेला लगदा तळहातावर थुंकला. तो तिनं मुलापुढं केला.

"हे घे."

त्यानं घेतला नाही. तिचा हात तसाच राहिला, तेव्हा नाइलाजानं त्यानं उपरणं पुढं केलं आणि तिनं तो त्यात झटकला. मग पदराच्या टोकानं जीभ पुसली, दात पुसले, पुन्हा जीभ पुसली.

"गावात ऱ्हायचं हाय, माय," बद्रीनाथ म्हणाला. "पोराच्या नोकरीचा शब्द दिलाय त्यान्नी."

"मला इचारलं व्हतंस?"

त्यानं उपरण्याची घडी घातली. म्हातारीनं मान वळवली. पट्टीमुळं तिला ती पुरती वळवता येत नव्हती, म्हणून डोळे तेवढे मुकुंदवर आणले.

"मास्तर, तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. कोण ते माहीत नव्हतं. माणूस आहे, एवढं माहीत होतं."

तो वाट बघत होता. शिवीची, शापाची, निदान तिनं तोंड फिरवण्याची. सफरचंदाच्या लगद्याकडं तिनं जसं पाहिलं होतं तसंच आता ती आपल्याकडं पाहील, आणि ते बरोबरच होईल, असं त्याला वाटलं. 

"खाली पोलिसाची चौकी हाय म्हनत्यात," ती म्हणाली.

"आहे."

"मंग तुमीच जा. त्याला वर घिऊन या."

मुकुंद निघाला. दारापर्यंत बद्रीनाथ त्याच्या मागं आला. "सर, पोराचं वाटोळं व्हईल, तुमचं बी व्हईल," एवढं म्हणून त्यानं त्याची बाही धरली. मुकुंदनं वळून पाहिलं. कडूबा अजून कॉटच्या कडेला बसला होता आणि म्हातारी त्याचे हात आपल्या पदरानं पुसत होती, बोट न् बोट. बद्रीनाथनंही तिकडं पाहिलं. बाही सुटली.

चौकी जिन्याच्या खाली होती. आत एक हवालदार बाकावर पाय घेऊन पोळीभाजी खात होता. त्यानं घास तोंडात ठेवून मान वर केली.

"काय पाहिजे?"

"वरच्या वॉर्डातल्या द्वारकाबाईंना जबाब द्यायचा आहे."

"त्यांचा झालाय. मुलानं दिलाय. ट्रकची केस ना ती?" हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही," मुकुंद म्हणाला. "गाडी माझ्या वर्गात आहे."